ड्रोनच्या धंद्यालाही फेरफार हवा

आजोबा वारून तीस वर्षे लोटली तरी सातबाऱ्यावर त्यांचेच नाव नांदत असल्याची उदाहरणे आपल्याकडे गावोगाव सापडतात. जमीन जागच्या जागी असते, नातवंडे ती कसत असतात, पीक दरवर्षी घरात येत असते. त्यामुळे नोंद मागे राहिली आहे याची जाणीव कोणालाच होत नाही. ती होते कर्ज काढायच्या वेळी, वाटणीच्या वेळी, किंवा रस्त्यासाठी जमीन जाऊन भरपाईचा धनादेश निघतो त्या वेळी. व्यवहार पुढे गेला आणि कागद मागे राहिला म्हणजे काय होते, हे महाराष्ट्रातील शेतकऱ्याला कोणी नव्याने शिकवायला नको. तोच प्रकार आता एका अगदी नव्या धंद्यात होऊ पाहत आहे. तो धंदा ड्रोनचा.

प्रस्तुत लेखकाचा एक माजी विद्यार्थी ऊस आणि द्राक्षबागांवर ड्रोनने फवारणी करून देण्याचा व्यवसाय करतो. मध्यंतरी तो भेटावयास आला तेव्हा कागदांची जाडजूड फाइल बरोबर होती. "सगळे कागद आहेत, सर," असे तो काहीशा अभिमानाने म्हणाला, आणि ते खरेही होते. परंतु पाने उलटताना दिसले ते असे : ज्या मुलाच्या नावे चालकाचे प्रमाणपत्र होते, तो सहा महिन्यांपूर्वीच नोकरीनिमित्त पुण्यास गेला होता व त्याच्या जागी पाहून पाहून शिकलेला चुलतभाऊ यंत्र उडवीत होता. यंत्र एकदा बांधावर आपटल्याने त्याचा नियंत्रक भाग बदलला होता, पण नव्या भागाचा क्रमांक कोठे नोंदविला नव्हता. आणि यंत्र मुळात दुसऱ्या व्यावसायिकाकडून घेतलेले असून हस्तांतराची नोंद "करू सावकाश" म्हणून राहून गेली होती. त्या फाइलीत एकही कागद खोटा नव्हता. मात्र तो आज करीत असलेल्या धंद्याशी जुळणारा असाही जवळजवळ एकही नव्हता.

हा मुलगा लबाड नाही. परवाना किंवा प्रमाणपत्र ही एकदा मिळवून कपाटात ठेवण्याची वस्तू आहे, या आपल्या सर्वांच्याच समजुतीचा तो बळी आहे. ही समजूत ड्रोनच्या बाबतीत विशेष घातक कशी ठरते, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

बंदी, परवाना, मोकळीक

या धंद्याचा आपल्याकडील कायदेशीर इतिहास दशकभराहून थोडाच अधिक आहे. पण तेवढ्यात बंदी, परवाना आणि मोकळीक या तिन्ही अवस्था येऊन गेल्या आहेत. ऑक्टोबर २०१४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जाहीर सूचना काढून, नियम तयार होईपर्यंत ड्रोनच्या नागरी वापरास मनाई केली. नियम आले ते ऑगस्ट २०१८ मध्ये आणि १ डिसेंबर २०१८ पासून ते अमलात आले. त्यांनुसार, काही हलक्या यंत्रांचा अपवाद सोडल्यास, ड्रोन चालविणाऱ्या व्यक्तीस अगर संस्थेस स्वतंत्र चालनपरवाना घ्यावा लागे. पुढे १२ मार्च २०२१ रोजी जी नियमावली आली, तीत २५ नमुन्यांचे अर्ज आणि ७२ प्रकारची शुल्के होती. ती साडेपाच महिनेही टिकली नाही. २५ ऑगस्ट २०२१ रोजी केंद्र सरकारने 'ड्रोन नियम, २०२१' जारी केले. अर्जांचे नमुने ५ वर आले, शुल्के ४ वर आली आणि धंद्याचा तो स्वतंत्र चालनपरवानाही रद्द झाला. फेब्रुवारी २०२२ मधील दुरुस्तीने चालकाचा सरकारी परवानाही गेला. त्याच्या जागी मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेने द्यावयाचे प्रमाणपत्र आले.

अर्थशास्त्राच्या शिक्षकाला या मोकळीकीचे वाईट वाटण्याचे कारण नाही. १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) अधिनियमाखाली कारखान्याची क्षमता वाढवायची म्हटले तरी दिल्लीचे उंबरठे झिजवावे लागत. त्या व्यवस्थेने टंचाई, वशिला आणि आळस यांखेरीज फारसे काही पिकविले नाही, आणि १९९१ मध्ये बहुतेक उद्योगांची तीतून सुटका झाली. ज्या तरुणाजवळ भांडवल बेताचे आणि ओळखी त्याहून बेताच्या, त्याला ७२ शुल्कांचे जंगल ओलांडता आले नसते. २०२१ च्या नियमांनी ते जंगल तोडले, हे चांगलेच झाले.

तथापि परवाना रद्द होणे आणि जबाबदारी रद्द होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पूर्वी सबंध धंद्यावर एक परवाना असल्याने, नूतनीकरणाच्या निमित्ताने का होईना, कोणीतरी माणूस, यंत्र व काम यांचा एकत्र विचार करण्याची शक्यता होती. आता यंत्राचा कागद वेगळा, चालकाचा वेगळा, विम्याचा वेगळा. ते एकमेकांशी जुळतात की नाही हे पाहण्याचे काम धंदा करणाऱ्याच्या स्वतःच्याच शिरावर आले आहे; आणि हे काम आपल्याकडे आले आहे, याचीच त्याला पुष्कळदा कल्पना नसते.

चार कागद, चार बदल

पहिला कागद यंत्राच्या नमुन्याचा. ड्रोनचा जो नमुना तपासून प्रमाणित झाला, त्याच बनावटीचे यंत्र वापरावयाचे असते. यंत्रांचे वर्ग मालासह होणाऱ्या कमाल वजनावर ठरतात : २५० ग्रॅमपर्यंत अतिसूक्ष्म, तेथून २ किलोपर्यंत सूक्ष्म, २५ किलोपर्यंत लहान, १५० किलोपर्यंत मध्यम आणि त्यापुढे मोठे. हंगामात कामाची गर्दी झाली, एका उड्डाणात अधिक औषध जावे म्हणून मोठी टाकी आणि जड बॅटरी बसविली, एवढ्याने यंत्राचे वजन २५ किलोच्या पलीकडे जाऊ शकते. मालकाच्या दृष्टीने ती एक किरकोळ सुधारणा असते. नियमांच्या दृष्टीने यंत्र वेगळ्या वर्गात गेलेले असते.

दुसरा कागद ओळख क्रमांकाचा. मोटारीला जसा क्रमांक, तसा प्रत्येक ड्रोनला केंद्राच्या संगणकीय नोंदीत एक विशिष्ट क्रमांक असतो. तो केवळ सांगाड्याला दिलेला नसतो; यंत्राच्या आतील उड्डाण-नियंत्रक भाग आणि चालकाच्या हातातील नियंत्रण-संच यांचे कारखान्यातील क्रमांकही त्याच्याशी बांधलेले असतात. त्यांपैकी काही बदलले की नवा क्रमांक नोंदविणे आवश्यक असते. यंत्र विकले, भाड्याने दिले, अगर बक्षीस दिले तरी हस्तांतराची नोंद हवी. कायमचे हरवले वा निकामी झाले तर नोंदणी रद्द करून घ्यावयास हवी. स्कूटर विकल्यावर पुस्तकावरचे नाव न उतरविल्याने पुढे कोणाच्या तरी अपघाताचा समन्स हाती पडलेले गृहस्थ आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचे असतील. ड्रोनच्या विक्रेत्याचीही गत वेगळी होणार नाही.

तिसरा कागद चालकाचा. किमान दहावी उत्तीर्ण, वय १८ ते ६५, आणि मान्यताप्राप्त संस्थेतील प्रशिक्षण, अशा त्याच्या अटी आहेत. हे प्रमाणपत्र दहा वर्षे चालते आणि ते त्या व्यक्तीचे असते, धंद्याचे नव्हे. माणूस नोकरी सोडून गेला की त्याच्याबरोबर धंद्याची पात्रताही उंबऱ्याबाहेर जाते. शिवाय ते विशिष्ट वर्गाच्या यंत्रासाठीच असते. लग्नसमारंभाचे छायाचित्रण करणाऱ्या हलक्या यंत्रावर शिकलेला मुलगा केवळ 'प्रमाणपत्रधारक' आहे म्हणून औषधाने भरलेले जड यंत्र त्याच्या हाती देता येत नाही.

चौथा कागद विम्याचा. २५० ग्रॅमपर्यंतची खेळणीवजा यंत्रे वगळता त्रयस्थाच्या नुकसानीचा विमा सक्तीचा असून, त्याला १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमातील तरतुदी योग्य त्या फेरफारांसह लागू केल्या आहेत. हा कागद बाकीच्या तिन्हींवर उभा असतो. पहिल्या तिन्हींपैकी एक डळमळला तर हाही डळमळतो, आणि नेमका गरजेच्या दिवशी.

याखेरीज एक पाचवी गोष्ट आहे, ती कागदावर नाही. आकाशाचे हिरवे, पिवळे आणि तांबडे असे पट्टे आखलेले आहेत. हिरव्या पट्ट्यात सर्वसाधारणपणे ४०० फुटांपर्यंत मुभा असते. पण चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या अंतरात ती २०० फुटांवर येते आणि त्याहून आत परवानगीवाचून उड्डाणच नाही. हा नकाशा बदलत असतो. एखाद्या सभेसाठी वा बंदोबस्तासाठी काही काळापुरता तांबडा पट्टाही जाहीर होऊ शकतो. म्हणून प्रत्येक उड्डाणापूर्वी नकाशा पाहणे चालकावर बंधनकारक आहे. शिरोळ तालुक्यातील मळ्यावर वर्षभर बिनधोक फवारणी करणारा व्यावसायिक उद्या कोल्हापूर विमानतळानजीकच्या एखाद्या इमारतीचे छायाचित्रण घेतो, तेव्हा यंत्र तेच, चालक तोच, विमाही तोच असतो. आकाश मात्र दुसरे असते.

भरपाई कोणाच्या खिशातून?

यावर कोणी असे म्हणेल की, हे सारे बारकावे मोठ्या कंपन्यांना ठीक. खेड्यातल्या मुलाचे यावाचून काय अडते? रोजच्या दिवशी काहीच अडत नाही, आणि हीच खरी अडचण आहे. समजा, फवारणी करणारे यंत्र बिघडून शेजारच्या शेतात खुरपणाऱ्या बाईच्या अंगावर पडले. अपघाताची माहिती ४८ तासांच्या आत कळविणे चालकावर बंधनकारक आहे. ती कळविताच पहिला प्रश्न येतो : यंत्र कोण उडवीत होते? चालकाजवळ वैध परवाना नसणे हा मोटार विम्याच्या कायद्यात विमा कंपनीचा मान्य बचाव आहे. न्यायालये अनेकदा जखमीचे हित पाहून कंपनीला आधी भरपाई द्यावयास लावतात आणि मग ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा देतात. म्हणजे एक तर त्या बाईला वर्षानुवर्षे तारखा, किंवा व्यावसायिकाच्या घरादारावर वसुली. ज्याने हप्ते नियमित भरले, त्याच्यावर विमा असून नसल्यासारखी वेळ यावी, यासारखी शोकांतिका नाही.

अर्थशास्त्रात ज्याला बाह्य परिणाम म्हणतात तो हाच. फवारणीचा दर ठरतो व्यावसायिक आणि शेतकरी यांच्यात. धोका मात्र वाटून घेते शेजारची खुरपणारी बाई, जिला त्या सौद्यात कोणी विचारलेले नसते. नोंद अद्ययावत ठेवण्याचा खर्च व्यावसायिकाला आजच दिसतो. न ठेवण्याचा खर्च बहुतांशी दुसऱ्यावर आणि पुढे कधीतरी पडतो. अशा ठिकाणी केवळ बाजारावर विसंबून चालत नाही. अधिक नोंदी ठेवणारा व्यावसायिक थोडा महाग पडतो आणि काम स्वस्तातल्याकडे जाते, हा अनुभव तर कोणत्याही धंद्यात येतोच.

या ठिकाणी ड्रोनच्या उपयुक्ततेविषयी शंका घेण्याचा हेतू नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर दगावले, हे महाराष्ट्र विसरू शकत नाही. पाठीवर पंप घेऊन उंच पिकात शिरणाऱ्या माणसाला त्या फवाऱ्यातून बाहेर काढणारे साधन कोणाला नको आहे? पण म्हणूनच त्या साधनाचा धंदा टिकला पाहिजे. एका गाजलेल्या अपघाताने सारा तालुका ड्रोनकडे संशयाने पाहू लागला, तर तोच मजूर पुन्हा पाठीवर पंप बांधील.

महिलांच्या बचत गटांच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच नाजूक आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने १,२६१ कोटी रुपयांची 'नमो ड्रोन दीदी' योजना मंजूर केली. उद्दिष्ट १५,००० गटांना ड्रोन देण्याचे, आणि साह्य किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत, कमाल ८ लाख रुपये. गटातील एका महिलेला पंधरा दिवसांचे प्रशिक्षण, त्यात पाच दिवस ड्रोन चालविण्याचे, आणि दुसरीला साहाय्यक म्हणून दुरुस्ती-देखभालीचे, अशी तिची रचना. योजनेने यंत्र दिले, चालक दिली, आरंभीचे कागदही दिले. पण माणसे एका जागी राहत नाहीत. चालक महिलेचे गाव सुटले, तिचे बाळंतपण आले किंवा तिला दुसरे काम मिळाले, तर गटाजवळ लाखो रुपयांचे यंत्र उरते आणि ते कायदेशीरपणे उडविणारे कोणीच उरत नाही. हंगाम डोक्यावर आलेला असतो. अशा वेळी साहाय्यक महिलेने यंत्र हाती घेतले, तर तिला दोष देण्यापूर्वी आपण तिच्यापुढे दुसरा कोणता मार्ग ठेवला होता, याचा विचार व्हावयास हवा.

नोंद सोपी, दंड शेवटी

मग उपाय काय? जुना परवाना परत आणावा, असे मुळीच म्हणावयाचे नाही. आपल्या महसूल खात्याजवळ याचे एक जुने आणि परिचित उत्तर आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार जमिनीत हक्क मिळविणाऱ्याने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे, म्हणजे आजच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, वर्दी द्यावयाची असते. वर्दीची पोच मिळते, फेरफार नोंदवहीत नोंद होते, संबंधितांना नोटीस जाते, आणि मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. या पद्धतीतले मर्म असे की, तीत जमीन कसण्यासाठी नवी परवानगी मागावी लागत नाही. जे बदलले ते सांगावे लागते, इतकेच. दुसरे मर्म असे की, दस्त नोंदणीकृत असेल तर त्याची माहिती निबंधकाच्या कार्यालयातून परस्पर जाते. शेतकऱ्याच्या आठवणीवर सारे सोडलेले नाही. आणि जेथे ही पद्धत फसली, तेथे ती खेट्यांनी, चिरीमिरीने आणि दिरंगाईने फसली, हेही विसरून चालणार नाही. नोंद महाग झाली की आजोबा सातबाऱ्यावर अमर होतात.

ड्रोनच्या बाबतीत हेच सूत्र वापरता येईल. यंत्राचा भाग बदलणाऱ्या दुरुस्ती केंद्राने आणि यंत्र विकणाऱ्या व्यापाऱ्यानेच बदलाची नोंद पाठवावी. नोंदीची पोच त्याच दिवशी, मराठीत व भ्रमणध्वनीवर मिळावी. विमा कंपनीने हप्ता घेताना चालकाचे नाव आणि यंत्राचा क्रमांक आजचाच आहे, याची खात्री करून घ्यावी. कारण तीन वर्षे हप्ता स्वीकारून अपघातानंतर त्रुटी शोधणे न्याय्य नाही. उशिरा का होईना, स्वतःहून बदल कळविणाऱ्यास दंड नसावा. बचत गटांसाठी प्रत्येकी दोन प्रमाणित चालक तयार करण्याची तरतूद व्हावी. सबंध योजनेच्या मानाने हा खर्च किरकोळ ठरेल.

ज्यांच्याजवळ अनेक यंत्रे आणि अनेक चालक आहेत, त्यांच्यापुरता परदेशातील एक धडा घेण्यासारखा आहे. ऑस्ट्रेलियात मानवरहित विमानांचे नियम २००२ पासून आहेत. तेथे दोन किलोपेक्षा हलक्या यंत्रांना पुष्कळ सवलत असली, तरी त्यापुढचा व्यवसाय करणाऱ्या संस्थेस स्वतःचे प्रमाणपत्र घ्यावे लागते, एक मुख्य चालक जबाबदार म्हणून नेमावा लागतो आणि कामाची पद्धत लिहून ठेवावी लागते. यंत्रे बदलली, काम बदलले किंवा मुख्य चालक बदलला की तो लेखही बदलतो. लहानांना मोकळीक आणि मोठ्यांना लेखी जबाबदारी, हे प्रमाण आपणही साधू शकतो.

सरकारचा कल मात्र कोठे जाईल हे सांगवत नाही. आजच्या नियमांत कमाल दंड एक लाख रुपयांचा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राने नागरी ड्रोन विधेयकाचा जो मसुदा सूचनांसाठी मांडला, त्यात कैदेच्या शिक्षाही होत्या. विमानतळावर मुद्दाम यंत्र नेणाऱ्या समाजकंटकाला जरब बसावी, याबद्दल दुमत नाही. परंतु नोंद राहून गेलेला धंदेवाईक आणि तो समाजकंटक यांना एकाच तराजूत घातले, तर पहिला सुधारणार नाही, तो लपेल. लपलेल्या धंद्याला ना विमा असतो, ना अपघाताची वर्दी.

तोवर व्यावसायिकाने काय करावे? शंभर पानी वही घ्यावी. प्रत्येक उड्डाणाची तारीख, जागा, चालक आणि यंत्राचा क्रमांक तीत लिहावा. दुरुस्ती झाली की काय काढले व काय बसविले ते लिहावे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेस स्वतःला चार प्रश्न विचारावेत : यंत्र तेच आहे काय, माणूस तोच आहे काय, काम तेच आहे काय, जागा तीच आहे काय? एकाचे जरी उत्तर 'नाही' आले, तरी संबंधित कागद त्याच दिवशी हाती घ्यावा. महाविद्यालयांतून ड्रोनचे अभ्यासक्रम घेणाऱ्या विद्यार्थ्यांनाही यंत्र उडविण्याइतकेच ही वही लिहिणे शिकविले पाहिजे.

त्या माजी विद्यार्थ्याने चुलतभावाला प्रशिक्षणास पाठविले. तो परत येईपर्यंत हाती आलेली फवारणीची कामे त्याने दुसऱ्यास दिली आणि हंगामातले चार पैसे सोडले. "तोटा झाला, सर," तो म्हणाला. त्याला उत्तर देणे सोपे नव्हते, कारण तोटा खरा होता. ज्याने नियम पाळला त्यालाच तो सोसावा लागला, आणि शेजारच्या शिवारात कोणीतरी बिनकागदाचे यंत्र त्याच आठवड्यात उडवीत होते. हा तोटा कमी करणे, नोंद ठेवणाऱ्याला नोंद न ठेवणाऱ्यापुढे हरू न देणे, हे शासनाचे काम आहे. मोकळीक देऊन शासनाने अर्धे काम केले. प्रामाणिक माणसाला तिचा भार पेलता येईल, अशी व्यवस्था उभारण्याचे उरलेले अर्धे काम अद्याप व्हावयाचे आहे.